फॅमिलीसाठी क्रॉसओव्हर एसयूव्ही आणि मुंबईहून लांबचे प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मुलुंडला राहतो, गाव लांज्याजवळ, घरात पाच माणसं. मी, नवरा, सासूबाई, नववीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. मधल्या साइजची पेट्रोल ऑटोमॅटिक क्रॉसओव्हर आहे, जास्त करून मीच चालवते. बिल्डिंगमधे, ऑफिसमधे, नात्यात कोणीही गाडी घ्यायला निघालं की मला फोन येतो आणि दरवेळी तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. माझं एकच म्हणणं आहे आणि ते खाली पुन्हा पुन्हा येईल, की फॅमिलीची गाडी ही मागच्या सीटवर बसणाऱ्यांची असते, तेव्हा घेतानाही तिथे बसून ठरवा आणि चालवतानाही तिथल्या माणसांचा विचार करून चालवा.

क्रॉसओव्हर म्हणजे नक्की काय? एसयूव्हीच ना ती?

दिसायला एसयूव्ही, आतून कार. स्कॉर्पिओ, बोलेरो, थार, फॉर्च्युनर ह्या गाड्यांना खाली शिडीसारखी लोखंडी चौकट असते आणि बॉडी त्याच्यावर बसवलेली असते. क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड विटारा, नेक्सॉन ह्यांचं तसं नाही, बॉडी आणि चौकट एकच असते, साध्या हॅचबॅकसारखी, फक्त उंच. त्यामुळे त्या हलक्या असतात, वळणावर कमी डुलतात, मागे बसणाऱ्याला कमी हिसके बसतात. उलट बाजू अशी की बहुतेकांना पुढच्याच दोन चाकांना ताकद मिळते, म्हणजे चिखलात किंवा वाळूत त्या आपल्या जुन्या अल्टोपेक्षा फार काही जास्त करू शकत नाहीत. उंच दिसते म्हणून कुठेही जाईल असं समजू नका.

चार मीटरच्या आतली घ्यावी की मोठी?

चार मीटरची भानगड टॅक्समुळे आहे. लांबी ४००० मिमीच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसी किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत असेल तर ती छोटी गाडी धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्याला ४० टक्के. त्याच्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा, तो किंमत आणि इंधन बघून लागतो आणि डिझेलला जास्त पडतो, त्यामुळे शोरूमची किंमत नका विचारू, ऑनरोड किती ते विचारा.

आता घ्यायची कुठली. घरात चौघं असाल, मुलं लहान असतील आणि वर्षातून दोनदाच गावाला जात असाल तर चार मीटरच्या आतली बास होते. पाचवं माणूस मोठं असेल, म्हणजे आजी किंवा आजोबा कायम बरोबर असतील, तर सव्वाचार मीटरच्या पुढचीच बघा. मागे तिघं बसल्यावर खांद्याला खांदा घासून पाच तास काढणं म्हणजे काय ते मधे बसणाऱ्यालाच कळतं, आणि मधे नेहमी घरातलं सगळ्यात गरीब माणूस बसतं.

टेस्ट ड्राइव्हला काय बघायचं?

सगळ्यात आधी, घरचे सगळे घेऊन जा. आम्ही पहिल्यांदा दोघंच गेलो होतो, गाडी आवडली, टोकन द्यायची तयारी झाली, मग मीच म्हटलं की एकदा आईंना आणूया. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखरे. त्या आल्या, मागचा दरवाजा उघडला, डावा हात दरवाज्याच्या वरच्या कडेला धरला, उजवा पाय आत टाकला आणि तिथेच थांबल्या, कारण उंबरा म्हणजे ती खालची पट्टी इतकी रुंद होती की पाय तिच्यावरून पलीकडे नेताना गुडघा पूर्ण वाकवावा लागत होता. काही बोलल्या नाहीत, चांगली आहे म्हणाल्या. पण मी त्यांचा चेहरा बघितला आणि ती गाडी तिथेच सोडली. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत त्या सरळ मागे टेकून बसल्या आणि मग दोन्ही पाय उचलून आत घेतले, खुर्चीवर बसावं तसं. तीच घेतली. सीट किती उंचीवर आहे हे ब्रोशरमधे कुठे लिहिलेलं नसतं.

बाकी हे बघा : मागे तिघांना बसवून दरवाजे लावून दहा मिनिटं एसी चालू ठेवा आणि मागच्या व्हेंटमधून हवा खरंच येते का ते मागच्यांना विचारा. मधल्या सीटला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणि डोक्याला टेका आहे का. डिकीत घरची सगळ्यात मोठी बॅग ठेवून बघा, आम्ही गावाला नेतो ती ट्रॉली बॅग शोरूमला घेऊन गेलो होतो आणि सेल्समन बिचारा बघतच राहिला. आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवून बघण्यात काही अर्थ नाही, संध्याकाळी सातला एलबीएस रोडवर घेऊन जायला मागा, रोज तिथेच चालवायची आहे ना.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी, हायब्रिड की इलेक्ट्रिक?

रोजचं चालवणं किती आणि कुठे, ह्यावर सगळं आहे.

डिझेलबद्दल आधी सांगते कारण तिथे लोक फसतात. एप्रिल २०२० पासून बीएस सहा म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत एक फिल्टर आला, डीपीएफ म्हणतात त्याला. तो धुरातली काजळी साठवतो आणि गाडी बराच वेळ एकसारख्या वेगात पळाली की ती काजळी तापून जळून जाते. आता मुलुंड ते भांडुप शाळा, भांडुप ते मुलुंड भाजी, असं चार चार किलोमीटर चालवलं तर फिल्टर तेवढा तापतच नाही, काजळी साचत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. माझ्या चुलत दिराचं हेच झालं, दिवा लागलाय म्हणून घाबरून गाडी घरीच उभी केली आणि ते आणखी वाढलं. दिवा लागला तर मॅन्युअलमधे लिहिलंय तसं हायवेवर पंधरा वीस मिनिटं एकसारख्या वेगात चालवायची, बहुतेक वेळा तेवढ्यात विझतो. आठवड्यातून एकदा तरी लांब जाणारे असाल तर डिझेल उत्तम आहे, घाटात भरल्या गाडीने जी ताकद लागते ती डिझेलमधे आहेच. नाहीतर नको.

पेट्रोलला असली काही कटकट नाही. सध्या पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, इथेनॉलमधे ऊर्जा कमी असते त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमी पडतं, गाडी बिघडली म्हणून गॅरेजला धावू नका. २०२३ नंतरची गाडी असेल तर ती त्या पेट्रोलसाठी बनवलेलीच आहे, जुनी सेकंडहँड घेत असाल तर कंपनीच्या मॅन्युअलमधे काय लिहिलंय ते वाचून घ्या.

सीएनजी स्वस्त पडतो पण सिलिंडर डिकीत बसतो. काही गाड्यांत आता दोन छोटे सिलिंडर खाली सरकवलेत, त्यात बऱ्यापैकी जागा उरते. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, मुंबईच्या ट्रॅफिकसाठी फारच छान, थांबत थांबत चालताना गाडी बॅटरीवरच सरकते, पण किंमत जास्त आणि बॅटरीमुळे डिकी लहान होते, म्हणून परत तेच, बॅग घेऊन जा. इलेक्ट्रिकला तुमच्या पार्किंगमधे स्वतःचं चार्जिंग मिळत असेल आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी हातात असेल तरच पुढे जा. लांबच्या प्रवासाला वाटेतला चार्जर एकच धरून निघू नका, त्याच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन हाताशी ठेवा.

ऑटोमॅटिक घ्यावी का? घाटात दम काढते म्हणतात.

घ्या. मुंबईत रोज क्लच दाबणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याला विचारा. फक्त कुठलं ऑटोमॅटिक ते बघा. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी हे ट्रॅफिकमधे मऊ चालतात. ड्युअल क्लच पळायला मस्त, पण चढावर ट्रॅफिकमधे ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत तर क्लच तापतो. ब्रेक दाबून थांबायचं, पुढची गाडी दोन गाड्यांएवढी सरकली की मग सोडायचं. स्वस्तातलं एएमटी हे आतून मॅन्युअलच असतं, गिअर बदलताना डोकं पुढे जातं, आणि मागे ज्याला गाडी लागते त्याला ते झटके नको होतात.

सोसायटीच्या पार्किंगमधे बसेल का?

टोकन द्यायच्या आधी टेप घेऊन खाली जा. ह्या गाड्यांची उंची सोळाशे सतराशे मिमीच्या घरात जाते आणि बऱ्याच नवीन बिल्डिंगांमधल्या स्टॅक पार्किंगचा, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या मशीनचा, खालचा किंवा वरचा कप्पा सेडानच्या हिशोबाने बांधलेला असतो. उंची, रुंदी आणि वजन तिन्हीची मर्यादा त्या मशीनवर पाटी लावून लिहिलेली असते. रुंदी मोजताना आरसे धरून मोजा. आणि खांबाच्या बाजूला जागा असेल तर दरवाजा किती उघडतो ते बघा, म्हातारं माणूस अर्ध्या उघडलेल्या दरवाज्यातून बाहेर येऊ शकत नाही. आम्ही आईंना गेटवरच उतरवतो आणि मग गाडी आत लावतो.

उंदरांचं कोणी विचारत नाही पण मुंबईत हा मोठा प्रश्न आहे. आठ दिवस गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटमधे घर करतात. आमच्या वायपरच्या पाण्याची नळी आणि एक वायर कुरतडली होती, आणि ते कळलं कधी तर ऐन पावसात काच धुवायला गेल्यावर. आता गाडीत खाण्याचा एक कण ठेवत नाही, मुलाच्या सीटखालची बिस्किटं रोज झाडते, आणि दर दोन दिवसांनी गाडी थोडी तरी हलवते. बरेच जण बॉनेटमधे तंबाखूची पानं ठेवतात, मीही ठेवते.

सात सीटर घेतलेली बरी नाही का?

सातही जण बसले तर बॅगा कुठे ठेवणार? बहुतेक गाड्यांत तिसरी रांग उघडली की डिकीत भाजीच्या दोन पिशव्या राहतात. शिवाय तिथे मुलं बसतात आणि गाडी लागायला सगळ्यात वाईट जागा तीच. कायम सात माणसं असतील तर एमपीव्ही, म्हणजे व्हॅनसारखी लांब फॅमिली गाडी, बघा.

सेफ्टी रेटिंग कसं वाचायचं? मुलांना सीट लागतेच का?

भारत एनकॅप, म्हणजे गाडी आपटवून ती किती सुरक्षित आहे त्याचे स्टार देणारी आपली टेस्ट, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. जाहिरातीत फक्त पाच स्टार दिसतात, पण त्याच्या आत दोन आकडे असतात : मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी. दुसरा आकडा बघा. आणि जे व्हेरियंट तुम्ही घेताय त्याच्यात टेस्ट केलेल्या गाडीएवढ्या एअरबॅग आहेत ना, ते विचारा.

मुलांच्या सीटबद्दल माझं ठाम मत आहे. लागतेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट बांधणं सक्तीचं आहे, नाहीतर १००० रुपये दंड. पण दंड राहू दे बाजूला. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आया मला रोज दिसतात आणि पोटात गोळा येतो, कारण ब्रेक लागला तर आपले हात त्याला धरू शकत नाहीत, आणि एअरबॅग उघडली तर ती आधी मुलावरच आपटते. अगदी लहान असेल तर आयसोफिक्सवाली, म्हणजे गाडीतल्या हुकांना थेट अडकणारी सीट, थोडं मोठं झालं की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, पट्टा मानेवर न येता खांद्यावरून जायला लागेपर्यंत. माझा मुलगा पहिले पंधरा दिवस रडला. नंतर बूस्टरवरून बाहेरचं दिसतं म्हणून स्वतःच मागायला लागला. आणि मागच्या मोठ्या माणसांनीही पट्टा लावायचा, आजीने सुद्धा. पदर आधी नीट घ्यायचा, मग त्याच्यावरून पट्टा, इतकं सोपं आहे ते.

सनरूफ हवाच असं मुलं म्हणतात.

उन्हात काच तापते आणि एसीला जास्त काम पडतं. हौस असेल तर घ्या, पण चालत्या गाडीत मुलाला त्यातून उभं करायचं नाही. कधीच नाही, हळू चालवतोय असं म्हणूनही नाही, पतंगाचा मांजा आणि खाली लोंबणारी केबल मुंबईत कुठेही असते.

खरं ॲव्हरेज किती मिळतं?

टाकी ते टाकी मोजा, डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा थोडा चांगलाच दाखवतो. आमच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला मुंबईत ९ ते १० आणि हायवेला ८०-९० ने चालवलं तर १५-१६. शंभरच्या पुढे गेलात की झपकन खाली येतो.

गणपतीला कोकणात जायचंय, कधी आणि कुठून निघू?

हा प्रश्न जुलैपासूनच सुरू होतो.

मुंबई गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, आता बरेचसे पट्टे छान झालेत, कशेडीचा बोगदा झाल्यामुळे पोलादपूर खेड मधला तो जुना वळणाचा घाट टळतो, पण मधेमधे काम, वळसे, अर्धवट पूल आहेतच, आणि सगळ्या गाड्या माणगाव इंदापूर ह्या पट्ट्यात येऊन तुंबतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघालात तर तो अख्खा दिवस रस्त्यावरच जाणार हे धरून चाला. आम्ही चतुर्थीच्या तीन दिवस आधी पहाटे तीनला निघतो. रात्री नऊला बॅगा गाडीत, आई नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, मुलं जेवून लगेच झोपतात आणि तीनला त्यांना झोपेतच उचलून सीटवर बांधतो. उजाडेपर्यंत माणगाव मागे पडलेलं असतं. जास्तीत जास्त दोन तासांनी थांबायचंच, आईंचे पाय आखडतात, म्हणून थांबायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात आणि त्या जेवण कुठे चांगलं त्यावर नाही, तर बाथरूम कुठे स्वच्छ आणि पायऱ्या कुठे कमी त्यावर ठरतात.

दुसरी वाट पुण्यावरून. एक्सप्रेसवे, सातारा, कराड आणि मग तुमचं गाव कुठे आहे त्यावर : चिपळूणला कराडवरून कुंभार्ली घाट, रत्नागिरी लांज्याला कोल्हापूर मलकापूरवरून आंबा घाट उतरून साखरपा, दाभोळे, पाली, राजापूरला अणुस्कुरा, कणकवलीला फोंडा, सावंतवाडीला आंबोली. अंतर वाढतं, टोल वाढतो, पण गाडी चालत राहते. मागच्या सीटवरच्यांना दोन तास एका जागी उभं राहण्यापेक्षा दीड तास जास्त चालणं परवडतं, हे आमच्या घरी सगळ्यांनी हात वर करून ठरवलंय. पावसाळ्यात घाट चालू आहे ना ते निघायच्या दिवशी सकाळी तिथल्या कोणाला तरी फोन करून विचारा, दरड कधीही येते, आणि वरंधा घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो.

गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार गेली काही वर्षं टोलमाफीचे पास देतं, पोलीस स्टेशन किंवा आरटीओतून मिळतात, आधीच काढून ठेवा आणि फास्टॅगमधे तरीही पैसे ठेवा.

टोलचं नक्की काय काय आहे आता?

मुंबईच्या पाच नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी, छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, आम्हा मुलुंडकरांना त्याचा किती आनंद झाला ते आम्हालाच माहीत. मुंबई पुणे एक्सप्रेसवेला एका बाजूचे कारला ३२० रुपये आहेत, एप्रिल २०२३ पासून. अटल सेतूला एका बाजूचे २५०, जाऊन येऊन ३७५. तो जानेवारी २०२४ ला उघडला, पावणेबावीस किलोमीटरच्या आसपास आहे, दादर परळच्या बाजूच्यांना कोकणात जाताना त्याने खूप वेळ वाचतो, आम्हाला ऐरोलीवरूनच बरं पडतं.

फास्टॅगचा वर्षाचा पास १५ ऑगस्ट २०२५ ला आला, तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष असा होता. लोकांचा गैरसमज इथे होतो : तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू हे त्याच्यात येत नाहीत, तिथे नेहमीसारखेच पैसे कापले जातात.

एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर काय सांभाळायचं?

एक्सप्रेसवेला कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, कॅमेरे बसलेत, चलन थेट मोबाइलवर येतं. डावीकडून ओव्हरटेक करू नका आणि उजवी लेन अडवून पण बसू नका. भातान, माडप, कामशेत कुठलाही बोगदा आला की लोक चारही इंडिकेटर लावतात, ते चूक आहे, मागच्याला तुम्ही थांबलाय की चालताय की लेन बदलताय काहीच कळत नाही. साधे हेडलाइट लावा, बास.

समृद्धी ७०१ किलोमीटर, जून २०२५ ला भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला, कारला १२० ची मर्यादा. रस्ता सरळ, सिमेंटचा, दोन्ही बाजूला काही नाही, आणि हेच धोक्याचं आहे. डोळे उघडे असतात पण मेंदू झोपतो. मी नागपूरला मावसबहिणीकडे जाताना दर दीड तासाला थांबले आणि ड्रायव्हर बदलला, माहेरची माणसं हसली तरी चालेल. उन्हाळ्यात दुपारचं तिथे जाऊ नका, सिमेंट तापलेलं, टायर तापलेले, वेग जास्त, आणि टायर जुना असेल तर फुटतो.

टायरचं कसं बघायचं?

टायरच्या बाजूवर एक चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी पाच वर्षांच्या पुढे मी लांबचा प्रवास करत नाही. हवा सकाळी गाडी थंड असताना भरायची, किती ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या आत खांबावर स्टिकर असतो, त्याच्यात पाच माणसं आणि सामान असेल तर वेगळा आकडा दिलेला असतो तो भरा. चालून तापल्यावर हवा तीन चार पीएसआय वाढते, ती काढून टाकू नका. नायट्रोजनला वेगळे पैसे द्यायची गरज मला वाटत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. स्टेपनी बारीक असेल तर ८० च्या वर जायचं नाही आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबायचं.

घाट उतरताना ब्रेकचा वास येतो, काय चुकतं?

ब्रेकवर पाय ठेवूनच उतरताय, हे चुकतं. मी पण केलंय. आंबा घाट, पहिलं वर्ष, भरलेली गाडी, धुकं होतं म्हणून सावकाश आणि गाडी डीमधेच. अर्ध्या घाटात जळक्या रबरासारखा वास, आणि ब्रेक पेडल आधीपेक्षा खोल जायला लागलं. आई मागून हळूच म्हणाल्या, काहीतरी जळतंय गं. रुंद जागा बघून बाजूला घेतली, बॉनेट नाही उघडलं, चाकांवर पाणी नाही ओतलं (तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते), नुसती अर्धा तास थांबले. चाकाजवळ हात नेला तर शेगडीजवळ धरल्यासारखी धग लागत होती.

त्यानंतर नियमच केला. ज्या गिअरमधे घाट चढाल त्याच गिअरमधे उतरायचा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून दुसरा गिअर, सीव्हीटी असेल तर एल, म्हणजे लो, किंवा जो काही असेल तो. इंजिन ओरडतं, घाबरू नका, ते गाडी धरून ठेवतंय. ब्रेक फक्त वळणाच्या आधी, ठाम मारायचा आणि सोडायचा. न्यूट्रल कधीही नाही. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा जुना नियम आहे, एसटीचे ड्रायव्हर बघा कसे थांबतात.

मुलांना गाडी लागते.

उपाशी पोटी नेऊ नका आणि भरपेटही नाही, कोरडी पोळी किंवा इडली पुरते. मोबाइल बंद, घाटात तर नक्कीच. मुलाला समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. आल्याची वडी, आवळा सुपारी, लिंबू. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. गाडीतला तो गोड वासाचा परफ्युम काढून टाका, अर्ध्या उलट्या त्यानेच होतात. बाकी सगळं ड्रायव्हरच्या पायात आहे. वळणाच्या आधी वेग कमी करून वळणात एकसारखा ठेवलात तर मागचं डोकं हलत नाही. पाण्याची बाटली झाकण न लावता होल्डरमधे ठेवून चालवून बघा, सांडलं नाही तर मागचे झोपून येतील.

पावसात रस्त्यावर पाणी भरलंय, गाडी उंच आहे, घालू का?

नका घालू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासात ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा गाडीत अडकून लोक गेले ह्या शहरात, आणि पाणी किती झटपट चढतं ते तेव्हा दिसलं.

गाडीची उंची आणि हवा ओढणारी नळी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती नळी पुढच्या ग्रिलच्या मागे असते, आणि समोरून बस गेली की तिची लाट तिथपर्यंत सहज येते. इंजिनात पाणी गेलं की हवेसारखं ते दाबलं जात नाही, मग पिस्टनचा दांडा वाकतो. पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत असेल तर माघारी फिरा. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, किंग्ज सर्कल, इथे जोराच्या पावसात मुळात जाऊच नका.

पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट करायची नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला पाठ करायला लावा. बंद पडली तोवर बऱ्याचदा इंजिन वाचलेलं असतं, स्टार्टर मारला की जातं. माणसांना आधी बाहेर काढा, पाणी वाढायच्या आत, काचा खाली करून ठेवा म्हणजे दरवाजा अडकला तरी वाट असते. मग टो करून गॅरेजला. विमा घेताना इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्या, साध्या पॉलिसीत असं इंजिन गेलेलं बहुधा धरत नाहीत, आणि झिरो डेप, म्हणजे पार्ट बदलताना घसारा न कापणारं कव्हर, घेतलं म्हणजे हे पण त्यात आलं असं नसतं.

बीचवर गाडी नेऊ का? फोटो छान येतात.

नाही. ओली वाळू घट्ट वाटते, दहा फूट पुढे मऊ लागते, पुढची चाकं फिरतात आणि गाडी पोटावर बसते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. गावातले लोक दोर आणि ट्रॅक्टर घेऊन येतात, बिचारे मदत करतात, पण त्यांच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी असतात, पोरं खेळतात. वर रस्त्याला लावा आणि चालत जा.

फेरीबोटीत गाडी घालायला भीती वाटते.

मलाही वाटायची. भाऊचा धक्का ते मांडवा रोरो तर मोठी आहे, तासाभरात पोचवते, आणि अलिबागला जाताना वडखळचा ट्रॅफिक टळतो, भरतीओहोटी आणि हवामान बघून वेळा बदलतात तेवढं आधी बघा. छोट्या फेऱ्या म्हणजे आगरदांडा दिघी, बागमांडला वेसवी, दाभोळ धोपावे, तवसाळ जयगड. ह्या चारी जोडत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलात तर मुलांना जन्मभर आठवेल असा प्रवास होतो. चढताना माणसं उतरवून घ्या, गाडी हलकी होते आणि खाली कमी घासते, बोटीवरचा माणूस हाताने सांगतो तसंच करा, आपली हुशारी नको. आत हँडब्रेक, गिअर पार्कमधे, काचा खाली, आणि मग सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं.

परत आल्यावर काय करता?

दुसऱ्याच दिवशी खालून धुवून घेते, खाऱ्या हवेने आणि चिखलाने खालचे पत्रे आणि नट गंजतात, वरून चकाचक धुतलेल्या गाडीखाली कोणी बघत नाही. चिखल फेंडरच्या आत साचतो तिथे पाण्याचा पाइप घालायला सांगा. टायरमधे अडकलेले खडे काढते, हवा परत रोजच्या आकड्यावर आणते, एसीचा फिल्टर काढून झटकते, त्यात गावची पानं आणि एकदा तर पाल निघाली होती. मॅट काढून वाळवते. मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघते, दरवेळी काहीतरी असतं : मागच्या वेळी मुलाच्या दोन करवंट्या, मुलीची हेअरपिन आणि आईंनी देवळातला अंगारा बांधून ठेवलेली कागदाची पुडी निघाली, ती तशीच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे.